ट्रान्सफॉर्मर जळाला म्हणण्याआधी

ॲम्प्लिफायर किंवा जुना रेडिओ बंद पडला की संशय आधी ट्रान्सफॉर्मरवर जातो. बहुतेक वेळा तो चोर सोडून संन्याशाला फाशी असा प्रकार ठरतो. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल, तर शॉर्ट झालेला ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) किंवा फिल्टर कपॅसिटर (ते डीसी सपाट करणारा) हे पहिले संशयित धरा. फ्यूज शाबूत असूनही यंत्र ठार बंद असेल, तेव्हा प्रायमरीकडे, म्हणजे घरातल्या विजेला (मेन्सला) जोडलेल्या वाइंडिंगकडे (वेटोळ्याकडे) बघा. पुढची तपासणी लोखंडी गाभ्याच्या, थेट मेन्सवर चालणाऱ्या ट्रान्सफॉर्मरसाठी आहे. एसएमपीएसमधला (मोबाइल चार्जरसारख्या स्विचिंग पॉवर सप्लायमधला) छोटा फेराइट ट्रान्सफॉर्मर कधीच थेट मेन्सला जोडायचा नाही, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनमधल्याला तर हातच लावू नका. त्यातून सुमारे दोन हजार व्होल्ट निघतात.

झाकण उघडण्याआधी प्लग काढून तो डोळ्यांसमोर ठेवा. मोठे कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामे करा आणि मीटरने खात्री करून घ्या. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडून ते काम उरकू नका. मग वायरींचे फोटो घ्या, प्रत्येकीला चिकटपट्टीने क्रमांक द्या. वायरींच्या रंगांवर विसंबू नका, ते कंपनीगणिक बदलतात.

मल्टिमीटरची बॅटरी ताजी हवी. प्रोब एकमेकांना टेकवून येणारा आकडा लिहून ठेवा. सेकंडरीचा (बाहेर वीज देणाऱ्या वाइंडिंगचा) रेझिस्टन्स कित्येकदा एक ओहमपेक्षाही कमी असतो, त्यामुळे हे वजा न केल्यास आकड्याला अर्थ राहत नाही. प्रायमरी मोठ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये काही ओहम, अगदी लहानात काहीशे ओहम दाखवते. ती ओपन (तुटलेली) आली तरी लगेच निकाल देऊ नका. वरच्या टेपखाली थर्मल फ्यूज (ठरावीक तापमानाला तुटणारा) दडलेला असू शकतो. तो बदलताना त्याच तापमानाचा आणि त्याच अँपिअरचा घ्या. सोल्डर करताना त्याची तार पक्कडीत धरा, नाहीतर सोल्डरिंगच्या उष्णतेनेच तो उडतो. त्याच्या जागी वायरचा तुकडा जोडणं म्हणजे आगीला आमंत्रण.

उलट, रेझिस्टन्स बरोबर आला म्हणूनही ट्रान्सफॉर्मर चांगला ठरत नाही. आतले दोन-चार वेढे शॉर्ट झाले तर ओहममध्ये फरक जवळजवळ दिसत नाही. त्यासाठी सिरीज बल्ब, म्हणजे मेन्स आणि प्रायमरी यांच्यामध्ये एकाच तारेत जोडायचा बल्ब, तयार ठेवा, आणि तो जुन्या फिलामेंटचाच हवा, एलईडी इथे कामाचा नाही. मध्यम आकाराच्या ट्रान्सफॉर्मरला साठ वॅटचा पुरतो, लहानग्याला पंधरा-पंचवीसचा. सगळ्या सेकंडरी सोडवून प्रत्येक टोकाला वेगळी टेप लावा आणि मगच वीज द्या. बल्ब क्षणभर चमकून विझत आला तर उत्तम. लोड नसताना तो लखलखत राहिला, तर वाइंडिंगमध्येच शॉर्ट आहे. माझा सर्वाधिक भरवसा याच चाचणीवर आहे.

बल्ब मंदावला की सेकंडरीचे व्होल्ट मोजा. लेबलपेक्षा पाच-दहा टक्के जास्त, लहान ट्रान्सफॉर्मरला त्याहूनही जास्त आले तर घाबरू नका, लोड नसताना तसंच होतं. सेंटर टॅपच्या (सेकंडरीच्या मधोमध काढलेल्या वायरीच्या) दोन्ही बाजू मात्र जवळपास सारख्या हव्यात. शेवटी प्लग काढा आणि मेगर (जास्त व्होल्टवर इन्सुलेशन तपासणारं मीटर) मिळाल्यास ५०० व्होल्टवर प्रायमरी-सेकंडरी आणि प्रायमरी-गाभा यांमधलं इन्सुलेशन बघा. साध्या मल्टिमीटरला हा दोष सहसा सापडत नाही.

खरोखरच जळला असेल, तर नवा बसवण्याआधी ब्रिज, कपॅसिटर आणि आउटपुट ट्रान्झिस्टर तपासा, नाहीतर नवाही त्याच वाटेने जाईल. टोरॉइड (कड्याच्या आकाराचा ट्रान्सफॉर्मर) असेल तर मधल्या बोल्टचं वरचं टोक धातूच्या झाकणाला टेकत नाही ना, तेही पाहा. टेकलं तर बोल्ट, झाकण आणि चॅसिस (धातूचा सांगाडा) मिळून एक पूर्ण शॉर्ट वेढा तयार होतो आणि चांगला ट्रान्सफॉर्मर चालू करताच फ्यूज उडवतो.