सँडब्लास्ट केलेली लाकडी पाटी पावसात टिकवायची असेल तर

होमस्टेच्या गेटवर उठावदार अक्षरांच्या सँडब्लास्ट केलेल्या (म्हणजे हवेच्या जोराने बारीक कण मारून अक्षरांभोवतीचं लाकूड उडवलेल्या) लाकडी पाट्या असतात ना, त्या समोरून कमी आणि मागून, टोकांकडून जास्त खराब होतात. समोर चार हात रंग, मागे कोरं लाकूड, मग जून लागला की मागची बाजू पाणी पिते आणि फळी वाकते. म्हणून जेवढे हात समोर तेवढेच मागे, हे सुताराला आधीच सांगून ठेवा.

कोकणात लावायची तर सागवान घ्या, तेही गाभ्याचं, कडेचा पांढरट भाग नको, त्याला कीड लवकर लागते. पाइनवर ब्लास्टिंग मस्त उठतं कारण मऊ भाग उडतो आणि कडक रेषा राहतात, पण त्याची काळजी जास्त घ्यावी लागते. ओलावा 12 टक्क्यांच्या आसपास हवा, त्यामुळे काम मार्च-एप्रिलमध्ये काढा, ऐन पावसात नको. फळ्या जोडायच्या तर वॉटरप्रूफ ग्लूनेच.

सागाला स्वतःचं तेल असतं, स्टेन्सिल (ब्लास्ट करताना अक्षरं झाकणारा थर) चिकटवायच्या आधी थिनरच्या फडक्याने पुसून घ्या नाहीतर ब्लास्ट करताना कडा उचलतात आणि अक्षरं खातात. ब्लास्टिंगवाल्याला साधी वाळू वापरू देऊ नका, त्या धुळीने सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो, गार्नेट (एका कडक खनिजाचे कण) वापरायला सांगा.

ब्लास्ट झाल्यावर खाचांमध्ये धूळ आणि लाकडाची लव राहते, ती नायलॉनच्या ब्रशने काढा, तारेचा ब्रश अजिबात नको, त्याचे बारीक तुकडे लाकडात अडकतात आणि पुढे काळे डाग पडतात. मग कॉम्प्रेसरची हवा मारा, साग असेल तर परत एकदा थिनरने पुसा आणि ते उडालं की लगेच प्रायमर.

आता सगळ्यात महत्त्वाचं, सुतार सवयीने सँडिंग सीलर आणि मेलामाइन मारतात, ते घरातल्या फर्निचरचं काम आहे, बाहेर उन्हात त्याला तडे जातात. बाहेरच्या लाकडाचा ऑइल प्रायमर आणा, पहिला हात थोडा पातळ करून, ब्रशने खाचांत टोचत टोचत लावा म्हणजे आत मुरतो. फळीची कापलेली टोकं नळीसारखी पाणी ओढतात, तिथे मी तर एक हात जास्तच देतो. दुसरा हात वाळला की बाहेरचा एनॅमल, मागचा भाग धरून. अक्षरांच्या माथ्यावर छोटा रोलर फिरवा, रंग खाली ओघळत नाही. नुसतं क्लिअर पॉलिश छान दिसतं खरं, पण उन्हात रंगाएवढं टिकत नाही, दर एक-दोन वर्षांनी परत करायची तयारी असेल तरच.

लावताना स्टेनलेसचे स्क्रू, भोकांच्या आतही प्रायमर, आणि भिंतीपासून बोटभर अंतर ठेवा, मागून हवा खेळली पाहिजे.