पेशव्यांचे वाडे बघताना या चुका टाळा

पुण्यात आलेला पाहुणा आधी शनिवारवाडा गाठतो. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. १८२८ च्या आगीत आतल्या इमारती जळून गेल्या. आज उरलेत ते तट, दरवाजे, नगारखाना आणि जोती.

भाच्याला मी असंच आधी तिथे नेलं होतं. दिल्ली दरवाज्यावरचे अणकुचीदार खिळे बघून स्वारी खूश झाली. आत मात्र हिरवळ आणि दगडी चौथरे. "आत्या, पण वाडा कुठाय?" मला उत्तर देता येईना. पंधरा मिनिटांत आम्ही बाहेर!

पुढच्या सुट्टीत क्रम उलटा केला. आधी बाजीराव रस्त्यावरचा विश्रामबागवाडा, दुसऱ्या बाजीरावांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला. तिथे त्याला एका खांबापाशी बसवलं आणि खालून वर बघायला लावलं. बुडाशी दगडी तळखडा, म्हणजे लाकूड जमिनीला टेकत नाही, ओल आणि वाळवी लांब राहते. वर सुरूसारखा निमुळता होत गेलेला खांब, केळफुलाची नक्षी, महिरप म्हणजे नक्षीदार कमान आणि शेवटी कडीपाट, म्हणजे लाकडी तुळया-फळ्यांचं छत. अर्धा तास एकाच खांबाला दिला. मग शनिवारवाड्यात गेलो, तर त्या रिकाम्या चौथऱ्यावर तो आपणहून म्हणाला, "इथे चौक असणार, आणि खांब असे ओळीने."

आल्या आल्या मोबाईल वर करून रील काढणाऱ्यांना हे कधीच दिसत नाही. मी फोन पिशवीतच ठेवते, फोटो काढते ते निघताना.

दुसरी चूक, भुताच्या गोष्टीसाठी येणं. शनिवारवाड्यात पेशवे नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ ला झाला, तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. "काका मला वाचवा" असं ओरडत तिथे खिदळणारी पोरं बघितली की मला फार वाईट वाटतं. मुलांना आधी वय सांगा, ती आपोआप गप्प होतात.

नक्षीवर हात फिरवू नका. गाडी नेऊ नका, त्या भागात चालतच जावं. दुरुस्तीसाठी वाडा कधी कधी बंद असतो, तेव्हा आधी चौकशी करा. आणि विश्रामबागवाड्यातलं सगळंच पेशवेकालीन समजू नका. १८७९ मध्ये त्याचा काही भाग जळाला होता, तो नंतर पुन्हा बांधलाय.