कारखान्याचे निकटचे व्यावसायिक पर्यावरण कसे तपासावे

व्यवसायाच्या पाठ्यपुस्तकांत ग्राहक, पुरवठादार, मध्यस्थ, स्पर्धक आणि आसपासचा समाज यांना मिळून निकटचे किंवा सूक्ष्म पर्यावरण म्हटले जाते. लहान कारखानदाराच्या दृष्टीने हे पर्यावरण म्हणजे त्याच्या खतावणीतील दहा-बारा नावे होत. व्याजदर किंवा जागतिक मंदी यांच्यापुढे त्याचा इलाज चालत नाही, परंतु या दहा-बारा जणांशी त्याचे रोज बोलणे होते, आणि म्हणूनच तपासणीला येथून सुरुवात करणे शहाणपणाचे आहे.

उदाहरणासाठी कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीत असते तसे आठ यंत्रांचे मशीन शॉप घेऊ. ते फाउंड्रीकडून, म्हणजे ओतकाम करणाऱ्या कारखान्याकडून, कास्टिंग (वितळलेला धातू साच्यात ओतून केलेले भाग) विकत घेते, त्यावर टर्निंग (कातकाम), बोअरिंग (आतील छिद्र कातून मापात आणणे) आणि ड्रिलिंग करते आणि तयार भाग वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या मोठ्या कंपनीला देते.

प्रथम मागील बारा महिन्यांचे आवक-जावक रजिस्टर, रिजेक्शनच्या नोंदी आणि हजेरीपट एकत्र घेऊन बसावे. यंत्र ज्या ज्या दिवशी थांबले किंवा माल ज्या ज्या दिवशी उशिरा गेला, त्या प्रत्येक दिवसापुढे त्यास कारण ठरलेल्या बाहेरच्या माणसाचे किंवा संस्थेचे नाव लिहावे. ‘बाजार मंद होता’ असे उत्तर येथे चालणार नाही, नावच लिहावे. या कामाला दोन रविवार जातात, पण कोणत्याही सल्लागाराच्या अहवालापेक्षा हा कागद अधिक उपयोगी पडतो, असे माझे ठाम मत आहे.

या कागदावर पुरवठादाराचे नाव बहुधा सर्वाधिक वेळा येते. कास्टिंग बाहेरून निर्दोष दिसते, यंत्रावर चढते, आणि बोअरिंगचा दुसरा कट घेतल्यावर आत ब्लो होल, म्हणजे ओतताना अडकलेल्या वायूची पोकळी, उघडे पडते. कास्टिंग बदलून मिळते, मात्र तोपर्यंत यंत्राचा गेलेला वेळ, झिजलेला इन्सर्ट (कापणाऱ्या हत्याराचे बदलता येणारे टोक) आणि चुकलेली मालाची गाडी यांची भरपाई आधी लेखी ठरवून घेतली नसेल, तर ती मागायला तोंड उरत नाही. म्हणून असा प्रत्येक नग हीट नंबरासह, म्हणजे भट्टीतील ज्या वितळणीतून तो ओतला तिच्या क्रमांकासह, नोंदवावा. दोष मोजक्याच हीटमध्ये गोळा झालेले दिसले, तर वाळूतील जादा ओलावा किंवा कोअरमधून (भागातील पोकळी घडवण्यासाठी साच्यात ठेवलेल्या गाभ्यातून) निघणारा वायू यांविषयी फाउंड्रीशी नेमके बोलता येते आणि मशीनिंगच्या खर्चाची डेबिट नोट (तेवढी रक्कम त्याच्या नावे टाकणारी चिठ्ठी) देण्याची अट पुढच्या ऑर्डरमध्ये घालता येते. पुरवठादाराचे आणखी एक अंग कागदोपत्री आहे. त्याने जीएसटीआर-1 हे विक्रीचे विवरण वेळेत भरले नाही, तर त्याचे बिल आपल्या जीएसटीआर-2बी (थोडक्यात 2बी) या खरेदीच्या विवरणात येत नाही आणि तेवढे इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, अडकते, त्यामुळे दर महिन्याच्या 14 तारखेनंतर 2बी आणि खरेदीवही ताडून पाहावी.

त्यानंतर ग्राहकाकडे वळावे. समजा, महिन्याची विक्री 30 लाख रुपये आहे, कंपनी 75 दिवसांनी पैसे देते, महिन्याची खरेदी 18 लाखांची आहे आणि फाउंड्रीला 30 दिवसांत पैसे द्यावे लागतात. करांचा हिशेब बाजूला ठेवला, तर येणे 75 लाख, देणे 18 लाख, आणि मधले 57 लाख रुपये आपण उभे करायचे. बँकेचा दर 11 टक्के धरला, तर वर्षाला सुमारे 6 लाख 27 हजार रुपये केवळ व्याजात जातात. ही रक्कम नगांच्या संख्येने भागून दरपत्रकात धरली आहे का, हे तपासावे. बहुतेक ठिकाणी ती धरलेली नसते, आणि भरपूर काम असूनही हातात पैसा का राहत नाही याचे उत्तर तेथेच सापडते.

सूक्ष्म व लघु उद्योगांना 2006 च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्याने येथे आधार दिला आहे. लेखी करार असला तरी देय मुदत 45 दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, करार नसल्यास ती 15 दिवसांची असते, आणि विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. मात्र उद्यम नोंदणी (अशा उद्योगांची सरकारी नोंदणी) आधीच करून तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापावा. एकाच मोठ्या ग्राहकावर ज्याचे पोट आहे, तो त्याच्याविरुद्ध थकलेल्या बिलांच्या तक्रारी ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडे सहसा जात नाही, आणि ही त्याची भीती मी समजू शकतो. त्यामुळे मुदतीचा विषय ऑर्डर स्वीकारतानाच काढणे बरे. 2023 च्या वित्त कायद्याने केलेल्या दुरुस्तीनुसार अशा उद्योगांना मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षाच्या खर्चात धरता येत नाही, ती प्रत्यक्ष दिली त्या वर्षीच धरली जाते, हे ग्राहकाच्या लेखा विभागाला नम्रपणे सांगावे. आपली फाउंड्रीही सूक्ष्म किंवा लघु असेल, तर हाच नियम आपल्यालाही लागू होतो, याचे भान ठेवावे.

स्पर्धकांविषयी फार वेळ घालवू नये. त्यांच्या दराच्या अफवा ऐकण्यापेक्षा आपले ऑपरेटर कोणत्या शेडमध्ये आणि किती पगारासाठी गेले, हे सोडून गेलेल्यांना विचारावे.

वाहतूकदाराची तपासणी पावसाळ्याआधी करावी. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला होता. अशा वेळी पुण्याकडील ग्राहकाजवळ आठवडाभराचा तयार माल आधीच पोहोचलेला असेल, तर त्याची जुळणीची लाइन थांबत नाही. त्यासाठी लागणारी गोदामाची जागा मे महिन्यातच ठरवून ठेवावी.

शेवटी आसपासची गावे. येथील कामगारांपैकी अनेकांच्या घरी शेती आहे, त्यामुळे पेरणीला आणि चैत्रातील जोतिबाच्या यात्रेला हजेरी घटणारच. हजेरीपटातून मागील तीन वर्षांचे असे दिवस काढावेत आणि यात्रेच्या महिनाभर आधी ग्राहकाला पत्र लिहून त्या दिवसांचा माल आधीच्या आठवड्यात घेण्याची विनंती करावी.