फ्रेंच विद्युत इंजिनाचा इतिहास क्रमांकावरून कसा वाचावा: बीबी २२२००चे उदाहरण

फ्रान्सच्या रेल्वेतील एखाद्या विद्युत इंजिनाच्या श्रेणीचा इतिहास जाणून घ्यायचा असेल, तर पहिल्यांदा त्या इंजिनाच्या अंगावरचा क्रमांक नीट वाचावा. त्यातील अक्षरे बोगीची, म्हणजे इंजिनाखालच्या चाकांच्या चौकटीची, रचना सांगतात. 'बी' म्हणजे मोटरने फिरणाऱ्या दोन आसांची बोगी आणि 'सी' म्हणजे तीन आसांची, म्हणून बीबी इंजिन चार आसांचे आणि सीसी इंजिन सहा आसांचे असते.

त्यानंतर आकड्याकडे वळावे. सर्वसाधारणपणे दहा हजारांच्या आतला आकडा १५०० व्होल्ट डीसीचा (एकाच दिशेने वाहणारी वीज), दहा ते वीस हजारांमधला २५,००० व्होल्ट एसीचा (दिशा बदलत राहणारी वीज) आणि वीस हजारांच्या घरातला दोन्हींवर चालणाऱ्या इंजिनाचा. या विभागणीमागे देशाच्या विद्युतीकरणाचा इतिहास आहे. १९२०च्या सुमारास सरकारने १५०० व्होल्ट डीसी हे प्रमाण ठरवले, मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर आग्नेय फ्रान्समधील साव्हॉय येथे एसीच्या चाचण्या यशस्वी झाल्यावर उत्तर आणि पूर्वेकडील मार्गांवर एसीची वीजवाहक तार टाकण्यात आली. परिणामी पश्चिमेकडे जाणाऱ्या मार्गावर पॅरिस ते ल मां ही १९३७मधली तार डीसीची आणि तिथून पुढे रेनपर्यंतची १९६५मधली तार एसीची, अशी स्थिती झाली. अशा सांध्यावर इंजिन न बदलता गाडी पुढे न्यायची, तर दोन्ही प्रवाहांवर चालणारे इंजिनच हवे.

आता ७२०० आणि १५००० यांची बेरीज करून पाहावी: उत्तर २२२०० येते. हा योगायोग नव्हे. बीबी १५००० हे १९७१पासूनचे एसी इंजिन, बीबी ७२०० हे १९७६पासूनचे डीसी इंजिन आणि बीबी २२२०० हे त्यांचे दुहेरी भावंड. तिघांची पेटी, म्हणजे वरचा सांगाडा, एकाच वळणाची आणि प्रत्येक बोगीत एकच मोटर. २२२००चे काम समजून घ्यायचे, तर ते ट्रान्सफॉर्मर आणि रेक्टिफायर जोडलेले ७२०० आहे असे समजावे: एसी तारेखाली ते आतल्या आत डीसी तयार करून ७२००मध्ये असतो त्याच चॉपरला, म्हणजे मोटरची वीज कमी-जास्त करणाऱ्या यंत्रणेला, पुरवते. छताकडे पाहिल्यास तारेतून वीज घेणारे दोन पँटोग्राफ दिसतात, डीसीचा रुंद आणि एसीचा अरुंद. सांध्यावर चालक वीज तोडून एक पँटोग्राफ खाली घेतो, निर्वीज पट्टा गाडीच्या वेगावर ओलांडतो आणि मग दुसरा वर करतो.

दुरून ओळखण्यासाठी समोरची 'मोडक्या नाकाची' काच पाहावी, जी खालच्या बाजूला आत वळलेली असते. फ्रेंच डिझायनर पॉल अर्झां यांच्या आराखड्याची ती खूणच आहे. मात्र नुसत्या नाकावर विसंबू नये, कारण १९६९पासूनच्या सीसी ६५०० श्रेणीचे नाकही तसेच आहे. अशा वेळी आस मोजावेत, कारण सहा आस असल्यास ते २२२०० असू शकत नाही.

क्रमांकही आंधळेपणाने खरा मानू नये. बीबी १५००७चे काही काळ बीबी ७००३ या नावाने डीसी चाचणी-इंजिन करण्यात आले होते आणि नंतर ते पुन्हा मूळ रूपात आले. काही ७२०० इंजिनांना तर पॅरिसच्या उपनगरी सेवेसाठी बदल करून ७६०० हा नवा क्रमांक मिळाला. त्यामुळे टिपण ठेवताना क्रमांकाबरोबर तारीखही लिहावी.

सहा आकडी क्रमांक दिसला, तर पहिला आकडा वेगळा काढावा, कारण तो केवळ इंजिन कोणत्या विभागाकडे आहे हे सांगतो: ४ म्हणजे मालवाहतूक, ५ म्हणजे प्रादेशिक प्रवासी सेवा. उरलेल्या आकड्यांपुढे शून्य असेल तर तेही सोडावे. म्हणजे ४०७४०० पुढचा क्रमांक हा ७४०० पुढचाच असतो, आणि तो ७२०० श्रेणीत मोडतो.