भाड्याचं घर सोडायची नोटीस नेमकी कधी द्यावी?

नवीन घर घेतलं की पहिला विचार येतो तो दुहेरी खर्चाचा. इकडे भाडं, तिकडे कर्जाचा हप्ता. मग ताब्याची तारीख कानावर पडताच लोक घरमालकाला नोटीस देऊन मोकळे होतात आणि इथेच गणित फिसकटतं. ताबा महिनाभर लांबतो, जुन्या घरात नवे भाडेकरू यायचे ठरलेले असतात आणि सामान कुणाच्या तरी गोदामात जाऊन पडतं. माझं मत स्पष्ट आहे: दोन्ही घरं काही आठवडे एकाच वेळी हातात राहतील, असंच नियोजन करावं. त्या काळाचं भाडं हा घरखरेदीचाच खर्च धरावा.

आधी भाडेकरार काढून वाचा

नोटिशीचा काळ किती हे बहुतेकांना तोंडपाठ असतं, पण बाकीची कलमं नसतात. नोटीस कोणत्याही तारखेला देता येते की महिना सुरू होतानाच द्यावी लागते? दुसरा प्रकार असेल, तर एक दिवस उशीर झाला तरी अख्ख्या महिन्याचं भाडं बसतं. अमुक महिने घर सोडता येणार नाही अशी अट आहे का? अनामत रक्कम कधी परत मिळणार, रंगाचा खर्च त्यातून कापणार का? तीच अनामत नव्या घराच्या कामात वापरायचं मनात असेल, तर तो बेत आताच सोडा. ती घर रिकामं केल्यावर मिळते आणि तुम्हाला पैसे त्याआधीच लागतात.

करार मध्येच संपत असेल तर पुन्हा पूर्ण मुदतीचा करू नका. महिन्या-महिन्याने मुदतवाढ मागा. त्यासाठी भाडं थोडं जास्त पडलं तरी ते परवडतं.

ताब्याची तारीख ठोकून बघा

‘अमुक तारखेला चावी देतो’ हे बोलणं झालं. खरी तारीख शोधायची तर अजून काय-काय राहिलंय ते विचारायचं. घर जुनं असेल, तर विकणारा स्वतः कुठे जाणार आहे? त्याचं घर तयार आहे का? त्याच्या घरावर कर्ज असेल तर ते फेडून कागद कधी सुटणार? एका साखळीत तीन-चार कुटुंबं अडकलेली असतात आणि त्यातलं सर्वांत मागे राहिलेलं कुटुंब तुमची तारीख ठरवतं.

इमारत नवी असेल तर पाणी, वीज, लिफ्ट चालू आहे का आणि राहण्याचा अधिकृत परवाना आला आहे का, हे स्वतः जाऊन बघा. बँकेकडून पैसे सुटायला किती दिवस लागतात तेही विचारून ठेवा. सगळे कागद दिले तरी एखाद्या सहीसाठी आठवडा जातो. हप्ता कधी सुरू होणार हेही तेव्हाच विचारा. कर्ज टप्प्याटप्प्याने मिळत असेल, तर पूर्ण रक्कम उचलेपर्यंत अनेकदा फक्त व्याज भरावं लागतं. तसं असेल तर दुहेरी खर्च वाटतो त्याहून कमी निघतो.

राहायला जायच्या दिवसापासून उलटं मोजा

चावी मिळाली म्हणजे घर राहण्याजोगं झालं असं नाही. कामांचा क्रम ठरलेला असतो: आधी तोडफोड, मग नळ आणि वायरिंग, मग लाद्या, सुतारकाम, शेवटी रंग आणि सफाई. हा क्रम मोडला की नव्या रंगावर लाकडाचा भुसा बसतो. प्रत्येक कारागीर सांगेल त्या दिवसांत निम्मे आणखी मिळवा.

काही गोष्टींना घाई चालत नाही. सिमेंटच्या नव्या प्लास्टरला रंग देण्याआधी साधारण २८ दिवस सुकू द्यावं लागतं. पाण्यात मिसळणारा रंग काही तासांत हाताला सुका लागतो, पण पूर्ण पक्का व्हायला दोन ते चार आठवडे घेतो. तोवर भिंतीला टेकवलेलं कपाट तिथेच चिकटतं. बाथरूमची जमीन नव्याने केली असेल तर पाणी तुंबवून बघाच. जाळीचं तोंड कापड आणि प्लास्टिकने घट्ट बंद करा, दोन-तीन बोटं पाणी भरा, पातळी जिथे येते तिथे भिंतीवर पेन्सिलने रेघ मारा. २४ तासांनी या. पाणी रेघेच्या जरासंच खाली असेल तर ते वाफेने गेलं. बरंच खाली असेल तर गळती शोधावी लागेल. खालच्या घराच्या छतावर ओल दिसते का हेही विचारा. आत सामान नसताना हे काम दोन दिवसांचं असतं, संसार मांडल्यावर त्याचा महिना होतो.

पडदे, शेल्फ, बाल्कनीची सजावट नंतर. जिथे धूळ उडते, जमीन उकरावी लागते किंवा रसायनांचा वास येतो, ती कामं आधी.

दुहेरी भाड्याचा हिशेब कागदावर मांडा

एका महिन्याचं भाडं भागिले तीस, गुणिले जास्तीचे दिवस. हा झाला एक आकडा. दुसऱ्या बाजूला लिहा: सामान दोनदा हलवण्याचा खर्च, गोदामाचं भाडं, मधल्या काळात राहण्या-जेवणाचा खर्च आणि कामावरच्या बुडालेल्या सुट्ट्या. बहुतेक घरांत दुसरा आकडा मोठा निघतो. पहिला मोठा निघाला तर दिवस कमी करा, पण शून्यावर आणू नका.

आता नोटीस

चावी हातात आली आहे, पैशांचा व्यवहार पूर्ण झाला आहे आणि सर्वांत लांबणाऱ्या कामाची अखेर दिसते आहे, अशा वेळी नोटीस द्या. नोटिशीचा काळ दोन-तीन महिन्यांचा असेल तर इतकं थांबणं जमत नाही. मग घरमालकाशी आधी बोला. बऱ्याचदा त्यालाही घर रिकामं पडायला नको असतं. पुढचा भाडेकरू लवकर मिळाला तर तो तुम्हाला आधी सोडतो, नाही मिळाला तर काही दिवस वाढवून देतो. ठरलं की लेखी पाठवा: ‘आपल्या बोलण्याप्रमाणे मी घर अमुक तारखेला सोडेन. गरज पडल्यास त्यापुढे पंधरा दिवस याच दराने रोजचं भाडं देऊन राहण्यास आपली संमती आहे. कृपया कळवावे.’ उत्तर येईपर्यंत काही ठरलं असं धरू नका.

हलवण्याचा दिवस

महिनाअखेर टाळा. बहुतेकांचे करार तेव्हाच संपतात, त्यामुळे गाड्या मिळत नाहीत आणि दर चढतात. कामाच्या वारी, महिन्याच्या मध्याला जा. इमारतीत सामान चढवायला लिफ्ट कोणत्या वेळेत मिळते ते आधीच विचारा. इंटरनेटची जोडणी चावी मिळताच नोंदवा. घराचा विमा मात्र मालकी तुमच्याकडे येते त्याच दिवसापासून हवा, राहायला जाण्याची वाट बघू नका. फ्रिज उभाच न्या. आडवा न्यावाच लागला तर किमान तितकाच वेळ उभा ठेवून मग चालू करा.

शेवटचे काही दिवस जुन्या घरासाठी राखून ठेवा. सामान निघाल्यावर सफाई करा, भिंतींतले खिळे काढा, प्रत्येक खोलीचे आणि मीटरच्या आकड्यांचे फोटो घ्या. घरमालकाला सोबत घेऊन घर दाखवा, किती चाव्या परत दिल्या आणि अनामत कधी मिळणार हे एका कागदावर लिहून त्याची सही घ्या.