प्रोसेसरच्या ताणाने मेल गाळणारा सर्व्हर अडकतो तेव्हा

पोस्टफिक्स मेल घेतो, अमाविस ती ताब्यात घेऊन क्लॅमएव्हीकडून विषाणू आणि स्पॅमॲसॅसिनकडून स्पॅम तपासून घेतो आणि निर्धोक ठरलेली मेल पुन्हा पोस्टफिक्सकडे सोपवतो. लिनक्सवरील बहुतेक मेल गाळण्या अशाच बांधलेल्या असतात. अशा सर्व्हरचा प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जाऊन बसला आणि लॉगिनलाही मिनिटभर लागू लागले की हात आधी रीबूटकडे जातो. तो मोह टाळावा, कारण मशीन उठताच साचलेली रांग गाळणीवर तुटून पडते आणि नेमक्या त्याच वेळी क्लॅमएव्ही आपला सिग्नेचरचा, म्हणजे विषाणू ओळखण्याच्या खुणांचा, साठा मेमरीत चढवत असतो.

त्याऐवजी पोस्टफिक्सच्या मेन डॉट सीएफ फाइलमध्ये डिफर ट्रान्सपोर्ट्स या सेटिंगला अमाविसच्या ट्रान्सपोर्टचे (मेल त्याच्याकडे नेणाऱ्या मार्गाचे) नाव द्यावे आणि पोस्टफिक्स रीलोड करावा. बाहेरून येणारी मेल स्वीकारली जाते, पण गाळणीकडे न जाता रांगेत थांबते. मूळ सेटिंगनुसार पोस्टफिक्स रांगेतली मेल ५ दिवस सांभाळतो, त्यामुळे शांतपणे शोध घ्यायला पुरेसा वेळ मिळतो.

मशीन जरा मोकळे झाले की ताण खरोखर प्रोसेसरचाच आहे का, हे पाहावे. लिनक्सच्या लोड ॲव्हरेजमध्ये, म्हणजे मशीनवरील सरासरी ताणाच्या आकड्यात, डिस्कची वाट पाहत अडकलेल्या प्रोसेसही मोजल्या जातात, म्हणून नुसता तो आकडा पाहून निष्कर्ष काढू नये. चालू प्रोसेस दाखवणाऱ्या टॉप या आज्ञेत ‘डब्ल्यूए’ हा डिस्कची वाट पाहण्यात गेलेल्या वेळेचा आकडा मोठा असेल आणि व्हीएमस्टॅट या आज्ञेतील ‘एसआय’ व ‘एसओ’ हे रकाने सतत भरलेले दिसत असतील, तर मेमरी संपून मशीन स्वॅपवर, म्हणजे मेमरीऐवजी वापरल्या जाणाऱ्या डिस्कच्या जागेवर, गेले आहे असे समजावे. इथे पहिला संशय क्लॅमएव्हीवर घ्यावा. त्याचा डेमन (पार्श्वभूमीत सतत चालणारा प्रोग्राम) एरवीच एक जीबीहून अधिक मेमरी व्यापतो आणि नवे सिग्नेचर चढवताना जुना साठाही धरून ठेवत असल्याने काही काळ ती गरज जवळपास दुप्पट होते. सर्व्हर अडकल्याची वेळ सिग्नेचर अपडेट करणाऱ्या फ्रेशक्लॅमच्या लॉगमधील अपडेटच्या वेळेशी जुळत असेल, तर मेमरी वाढवावी किंवा कॉन्करंट डेटाबेस रीलोड हे सेटिंग ‘नो’ करावे. ते क्लॅमएव्हीच्या आवृत्ती ०.१०३ पासून उपलब्ध आहे. नवा साठा चढेपर्यंत तपासणी थांबते, पण मशीन कोसळत नाही.

याच टप्प्यावर टॉपच्या पडद्यावर आणखी एक खूण शोधावी. मी हाताळलेल्या एका सर्व्हरवर ‘क्लॅमस्कॅन’ या नावाच्या अकरा ओळी एकाखाली एक दिसत होत्या आणि प्रत्येक ओळ मिळेल तेवढा प्रोसेसर खात होती. अमाविसच्या सेटिंगमध्ये मुख्य स्कॅनर म्हणून क्लॅमएव्हीचा डेमन आणि राखीव म्हणून क्लॅमस्कॅन लिहिलेला असतो. डेमनने वेळेत उत्तर दिले नाही की अमाविस राखीव स्कॅनरला बोलावतो, आणि तो बिचारा प्रत्येक मेलसाठी सगळा सिग्नेचर साठा नव्याने वाचतो. त्या ओझ्याने डेमन आणखी मंदावतो, मग राखीव स्कॅनर आणखी बोलावले जातात आणि हे चक्र आपोआप थांबत नाही. माझ्या मते व्यग्र सर्व्हरवर क्लॅमस्कॅन राखीव यादीतून काढूनच टाकावा. त्याबरोबर व्हायरस स्कॅनर्स फेल्युअर इज फेटल हे सेटिंग १ करावे, म्हणजे डेमन बंद असताना मेल न तपासता पुढे जाणार नाही, रांगेत थांबेल.

स्वॅप कोरडा असूनही प्रोसेसर तापलेला असेल, तर अमाविसची मॅक्स सर्व्हर्स, म्हणजे एका वेळी चालणाऱ्या प्रोसेसची, संख्या पाहावी. रांग वाढली की ही संख्या वाढवण्याची चूक फार जण करतात. चार कोअरच्या मशीनवर तीस प्रोसेस सोडल्या, तर तिसांच्या तिसांची तपासणी रेंगाळते, मुदत उलटते आणि तीच मेल पुन्हा पहिल्यापासून तपासावी लागते. कोअरच्या संख्येपासून सुरुवात करून एकेक वाढवत जावे आणि पोस्टफिक्सच्या मास्टर डॉट सीएफमधील अमाविसच्या ओळीत मॅक्सप्रॉकच्या रकान्यात तोच आकडा लिहावा. मॅक्सप्रॉकचा आकडा मॅक्स सर्व्हर्सहून मोठा राहिला, तर पोस्टफिक्सच्या जोडण्या अमाविसच्या दारात ताटकळत राहतात.

यानंतर नेमका वेळ कुठे जातो ते शोधावे. अमाविसची लॉग पातळी २ केली की प्रत्येक मेलमागे ‘टायमिंग’ची एक ओळ येते आणि तिच्यात प्रत्येक टप्प्याला किती मिलिसेकंद लागले ते लिहिलेले असते. स्पॅमॲसॅसिनचा वाटा बहुतेक वेळा सर्वांत मोठा असतो, त्यात नवल नाही. मात्र एरवी दोन-तीन सेकंदांत सुटणारी मेल मध्येच कधीतरी मिनिटभर अडकत असेल, तर स्पॅमॲसॅसिनच्या बेझच्या (मेलमधील शब्दांवरून स्पॅम ओळखायला शिकणाऱ्या भागाच्या) फाइलींची डिरेक्टरी उघडून पाहावी. तिथे ‘बेझ टोक्स डॉट एक्स्पायर’ या नावापुढे आकडे जोडलेल्या फाइली साचलेल्या असतील, तर जुने टोकन (शिकलेले शब्द) गाळण्याचे काम मेल तपासतानाच सुरू होते आणि मुदत संपल्याने अर्धवट मारले जाते, असा त्याचा अर्थ आहे. बेझ ऑटो एक्स्पायर ० करावे आणि एसए लर्नची फोर्स एक्स्पायर आज्ञा क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या सेवेतून) रात्री चालवावी. ती अमाविसच्याच वापरकर्त्याच्या नावाने चालली पाहिजे. रूटने चालवल्यास ती रूटच्या वेगळ्या बेझवर काम करू शकते आणि मूळ दुखणे तसेच राहते.

बेझ निर्दोष निघाल्यास स्वतः लिहिलेले नियम एकेक करून बंद करून पाहावेत. एकात एक पुनरावृत्ती गुंफलेली रेगेक्स (मजकूर जुळवण्याचा नमुना) एखाद्या लांबलचक वार्तापत्रावर सगळा प्रोसेसर अडवून धरू शकते. उरलेल्या नियमांसाठी, ते आधीच संकलित करून वेगवान करणारे, एसए कंपाइल वापरावे.

दुरुस्तीनंतर डिफर ट्रान्सपोर्ट्समधील नाव काढून पोस्टफिक्स पुन्हा रीलोड करावा, पण लगेच रांग फ्लश करू नये, म्हणजे सगळी मेल एकदम सोडू नये. थांबलेली मेल पोस्टफिक्स आपल्या गतीने पुन्हा पाठवू लागतो. तोवर एका खिडकीत अमाविसच्या प्रोसेसची स्थिती दाखवणारी अमाविसडी नॅनी उघडी ठेवावी आणि कोणती प्रोसेस एकाच मेलवर फार वेळ रेंगाळते आहे, यावर लक्ष ठेवावे.