पावसाळा सरला, आता जनावरांचा रंग बघा

काळीभोर म्हैस पावसाळ्यानंतर विटकरी दिसू लागली, किंवा एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन, काळ्या-पांढऱ्या जातीच्या) कालवडीच्या डोळ्यांभोवती केस फिके पडून चष्मा घातल्यासारखी कडी उमटली, तर उन्हाचा परिणाम म्हणून सोडून देऊ नका. अंगात तांबं कमी पडल्याची ही खूण असू शकते. पातळ शेण, खुंटलेली वाढ, वेळेवर माज न येणं हे त्याच्या जोडीला येतं. जंतांमुळेही जनावर असंच दिसतं, म्हणून आधी शेण तपासून घ्या आणि डॉक्टर सांगतील ते जंतनाशक पाजा.

बऱ्याचदा चाऱ्यात तांबं असतं, पण ते अंगी लागत नाही. चाऱ्यातलं पाणी वजा केलं तर किलोमागे साधारण 10 मिलिग्रॅम तांबं जनावराला पुरतं. मात्र चोपण (क्षारपड) किंवा पाणी साचणाऱ्या रानातल्या वैरणीत मोलिब्डेनम हे खनिज जास्त उतरतं. ते आणि गंधक मिळून कोठीपोटातच तांब्याला बांधून टाकतात आणि ते शेणावाटे निघून जातं. बोअरच्या पाण्यातलं आणि चिखल लागलेल्या गवतातलं लोहही आडवं येतं. शिवाय कोवळ्या हिरव्या चाऱ्यापेक्षा वाळलेल्या चाऱ्यातलं तांबं जास्त शोषलं जातं. तेव्हा नुसत्या हिरव्यावर जनावर ठेवू नका, कुट्टीत कडबा मिसळा.

रक्ताचा रिपोर्ट चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नका. तांब्याचा साठा यकृतात असतो आणि तो संपत येईपर्यंत रक्तात कमतरता दिसत नाही. गाभण जनावराकडे शेवटचे तीन महिने खास लक्ष द्या. वासरू आपला साठा पोटात असतानाच आईकडून घेतं, दुधातून तांबं फारसं मिळत नाही.

मोठ्या जनावराला रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण आंबोणातून द्या, वासराला त्याच्या निम्मं. पिशवीवर तांबं, जस्त, कोबाल्ट, आयोडीन, मँगनीज छापलंय का ते वाचा. गव्हाणीत टांगलेली लाल वीट अनेकदा नुसतं मीठच असते, लाल रंग बहुधा लोहाचा.

घरचा मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) पाण्यात कालवून पाजायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तांबं जास्त झालं तर यकृतच निकामी होतं. मेंढ्यांना तर गाईचं मिश्रणही चालत नाही, कारण गाईला सोसेल एवढं तांबं त्यांच्यासाठी विष ठरतं. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेत बोर्डोची (मोरचूद आणि चुन्याच्या मिश्रणाची) फवारणी सुरू असते, अशा बागेतल्या तणावर मेंढ्या सोडू नका. मेंढीचे डोळे पिवळे आणि लघवी लालसर-तपकिरी दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. बागायतदारांनीही फवारणी कधी झाली ते मेंढपाळाला आधीच सांगावं.